दातमावशीची भट्टी

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझ्या धाकट्या मावशीचं घर वर्षानुवर्षं दात कोरूनच चाललं आहे. ती डॉक्टर नाही. डॉक्टर लोकांच्या तोंडात बघतात, मावशी तोंडात जायचं ते बनवते. गावातले चार-पाच दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन तिच्याकडे पाठवतात. त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतते आणि मग कुणाची कवळी, कुणाची कॅप, कुणाचा पुढचा एकुलता एक पडलेला दात तयार करते. आम्ही भाचरं तिला लहानपणापासून दातमावशी म्हणतो. आता तिचे जावईसुद्धा तसंच म्हणतात, फक्त ती समोर नसताना.

घराची मागची खोली म्हणजे तिचा कारखाना. खिडकीशी लांब टेबल, त्यावर छोटे ब्रश, मेणाचे तुकडे, स्पिरिटचा दिवा, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले जबडे. प्लास्टरची पांढरी धूळ सगळ्या घरभर, आणि फळीवर न मावलेले जबडे स्वयंपाकघरातही. तिच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा साखरेचा डबा काढायला हात वर करतो आणि कुणाच्या तरी खालच्या जबड्याला हात लागून दचकतो. मावशीला माणसं चेहऱ्यावरून आठवत नाहीत. ‘ती नाही का, जिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, तिची नणंद,’ असं ती सांगते, आणि आपण ओळखावं अशी तिची अपेक्षा असते. लग्नाला गेली की नवरीला बघून म्हणते, ‘वरचा सुळा जरा फिरलाय, पण शोभतो हो.’

काका, म्हणजे तिचे यजमान, सार्वजनिक बागेत माळी होते. बोलणं कमी. दोघांची कामं अशी, की एकाच्या हाताला कायम काळी माती आणि दुसरीच्या हाताला पांढरी. त्यांच्या घरात साबण फार लागतो असं माझी आई म्हणायची.

कवळीचं काम मावशी घरच्या घरी पुरं करायची. पण चिनी मातीच्या कॅपा भट्टीत भाजाव्या लागतात. धातूच्या टोपीवर दाताच्या रंगाची पूड पाण्यात कालवून ब्रशने चढवायची आणि भट्टीत घालायची. भट्टीत ती आक्रसते, म्हणून पुन्हा चढवायची, पुन्हा भाजायची. अशी भट्टी मावशीकडे नव्हती. ती होती भट्टीआप्पांकडे.

भट्टीआप्पा म्हणजे या धंद्यातले जुने कारागीर. त्यांच्या घरात मागच्या बोळातून शिरावं लागे, स्वयंपाकघर ओलांडून. मावशी गोळ्यांच्या डबीत कापूस घालून त्यात कॅपा ठेवायची, बसने जायची आणि नगाप्रमाणे पैसे देऊन भाजून आणायची. आप्पा माणूस चोख, पण तोंडाने तिखट. मावशीने चढवलेली पूड भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, ‘हा दात आहे की पापड?’ कधी ब्रश तिच्या हातातून काढून घेऊन स्वतःच कड नीट करायचे. कधी तासभर बसवून ठेवायचे. घाई केली की म्हणायचे, भट्टीला घाई कळत नाही. मावशी दात-ओठ खात परत यायची आणि घरी येऊन काकांना सगळं सांगायची. काका ऐकून घ्यायचे.

एकदा असंच झालं. एका डॉक्टरांना तातडीने कॅप हवी होती, आणि आप्पांनी दुसऱ्याचं काम आधी लागलंय म्हणून मावशीला उद्या यायला सांगितलं. त्याच आठवड्यात तिच्या दाराशी भट्ट्या विकणारा एक तरुण आला. स्वच्छ शर्ट, हातात रंगीत माहितीपत्रक, बोलायला गोड. मावशीने आधी त्याचे दात पाहिले. सरळ, निरोगी, एकही भरलेला नाही. पुढे ती मला म्हणाली, ‘मी तिथेच फसले गं. इतके चांगले दात असलेला माणूस खोटं बोलेल असं वाटेना.’

आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोललाही नाही. त्याने विचारलं, भाजणावळीला महिन्याला किती जातात. मावशीने सांगितलं, तेराएक हजार. तो म्हणाला, ताई, भट्टीची किंमत तीन लाख साठ हजार. व्याज फक्त आठ टक्के. तीन वर्षं. हप्ता बारा हजार चारशे. म्हणजे आज जे दुसऱ्याच्या घरात टाकता त्यापेक्षा कमी, आणि तीन वर्षांनी भट्टी तुमची.

यात चूक काढायला जागाच नव्हती. बारा-चार हे तेरापेक्षा कमी, हे कुणालाही दिसतं. मावशीने काकांना विचारलं. काका म्हणाले, तुला हवी असेल तर घे. मावशीने दाखवलं तिथे तिथे सह्या केल्या. आप्पांना तिने काही कळवलं नाही. नुसतं जाणं बंद केलं.

भट्टी आली. लहान फ्रिजएवढी, पांढरीशुभ्र, हिरवे आकडे दाखवणारी. मावशीने तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला, मग भट्टी तापते हे लक्षात येऊन काढला. बसवायला आलेल्या माणसाने भिंतीतल्या वायरी पाहून मान हलवली. या वायरींवर भट्टी चालणार नाही, मीटरपासून नवी लाइन ओढा. लाइन ओढली. मग वीज कमी-जास्त झाली तर भट्टीतला माल जाईल म्हणून स्टॅबिलायझर. मग कळलं की आतली हवा खेचणारा पंप वेगळा घ्यावा लागतो. मग हे, की वॉरंटी टिकवायची तर पूड याच कंपनीची वापरायची, आणि ती पूड आप्पा वापरत तिच्या दीडपट महाग. विजेचं बिल आलं तेव्हा काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि घडी करून मावशीच्या टेबलावर ठेवलं.

हे सगळं तिने सोसलं असतं. पण माल बिघडायला लागला. भट्टीतून कॅप बाहेर काढली की गार होता होता टिक् असा आवाज यायचा आणि केसासारखी भेग पडायची. कधी पुडीत बुडबुडे राहायचे. कधी दात हवा तसा पिवळसर न येता राखाडी यायचा, मेलेल्या दातासारखा. पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं, फक्त हाताला कळेल असं काही नव्हतं. एक कॅप तिने चार वेळा केली. डॉक्टर चांगले होते, सांभाळून घेत होते, पण एकाने हळूहळू काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. आप्पांकडून सुटून मावशी आगीतून फुफाट्यात पडली होती, आणि फुफाटा विकत घेतलेला असल्यामुळे कुणाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती.

हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जायचा. ‘मी रविवारी काम करत नाही,’ मावशी म्हणायची, ‘पण हप्ता रविवारीही चालतो.’

वर्ष उलटता उलटता काका निवृत्त झाले आणि त्यांना एकरकमी पैसे मिळाले. ते पैसे कशाला हवेत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पण मावशीचा चेहरा ते रोज बघत होते. एका सकाळी ते चेकबुक घेऊन तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, भट्टीचं किती राहिलंय ते सांग, फेडून टाकू. मावशीने हिशेब केला. तीन वर्षांतलं एक संपलं, म्हणजे तीनातला एक भाग गेला, दोन राहिले. दोन लाख चाळीस हजार. काकांनी तेवढ्याचा चेक लिहिला. मावशीला रडू आलं. ते लपवायला तिने प्लास्टर कालवायला घेतलं, आणि ते इतकं पातळ झालं की टाकून द्यावं लागलं.

कर्ज देणाऱ्या कंपनीचं ऑफिस बाजारातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, ओळीने खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. काऊंटरवर एक तरुण मुलगी होती. ती बोलताना तोंडासमोर हात धरायची, जणू शिंक येणार आहे. मावशीला कारण कळायला वेळ लागला नाही: वरचा, समोरून दुसरा, उजवीकडचा दात नव्हता. पण ती त्या कामाला आली नव्हती. तिने चेक पुढे केला आणि कर्ज बंद करायचं आहे म्हणून सांगितलं.

मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाली, काकू, दोन लाख सत्तावन्न हजार बाकी आहेत. आणि मुदतीआधी बंद केलंत तर वर चार टक्के दंड. दोन लाख सदुसष्टच्या आसपास.

मावशीला वाटलं तिने चुकून दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलंय. मुलीने नाव वाचून दाखवलं. खातं तिचंच होतं. मावशी भांडली नाही. ती समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘बाळ, मला हे समजावून सांग. मला घाई नाही. मला कळेपर्यंत मी इथेच बसते.’

मागे दोन-तीन माणसं होती. मुलीने त्यांचं काम उरकलं. मावशी बसून. जेवणाची सुट्टी झाली. मावशी बसूनच. शेवटी मुलीने आपला डबा उघडला, अर्धी पोळी मावशीला दिली आणि एका कोऱ्या कागदावर सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, मी जे सांगते ते सगळं तुमच्याच करारात छापलेलं आहे, वेगळं काही नाही. मावशी म्हणाली, असेल बाई, पण छापलेलं आणि सांगितलेलं यात फरक असतो.

पहिली गोष्ट, मुलगी म्हणाली, आठ टक्के कशावर. पहिल्या महिन्यात कंपनीचे तीन लाख साठ हजार तुमच्याकडे होते. दर महिन्याला तुम्ही थोडे थोडे परत करताय. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे कंपनीचे जेमतेम बारा हजार उरतील. पण व्याज मात्र तिन्ही वर्षं पुऱ्या तीन लाख साठ हजारांवर लावलेलं आहे, जणू तुम्ही एक पैसाही फेडला नाही.

मावशी म्हणाली, ‘म्हणजे एकेक पडत शेवटी तोंडात एकच दात उरला, तरी घासायचे पैसे अख्ख्या बत्तिशीचे.’

मुलगी हसली आणि तोंडावरचा हात तेवढ्यापुरता विसरली. मग तिने सांगितलं की तुमच्याकडे खरोखर उरलेल्या पैशांवर धरलं तर हे व्याज आठ नाही, साडेचौदा टक्के पडतं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो, म्हणून वर्षाने तीनातला एक भाग फिटलेला नसतो. आणि त्यावर कागदपत्रांची फी आणि भट्टीचा विमा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी भरलेत, ते धरलेच नाहीत.

‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे,’ मावशी म्हणाली.

‘काकू, तुम्ही रोखीची किंमत विचारली होती का?’ मुलीने विचारलं. मावशीने विचारली नव्हती. हप्ता परवडतो म्हटल्यावर रोखीची किंमत कशाला विचारायची. मुलगी म्हणाली, एकदा विचारून बघा, मला माहीत नाही, पण बहुतेक वेळा फरक असतो.

मग मावशीने चेककडे बोट दाखवलं आणि हे काकांच्या निवृत्तीचे जवळजवळ सगळे पैसे आहेत म्हणून सांगितलं. आणखी सत्तावीस हजार घालून आज बंद केलं तर? मुलीने पुन्हा कागदावर मांडलं. उरलेले सगळे हप्ते भरलेत तर दोन लाख सत्त्याण्णव हजार जातील. आज बंद केलंत तर तीसएक हजार वाचतात. पण ते पुरे वाचत नाहीत, कारण काकांचे पैसे बँकेत ठेवून त्यातून हप्ते भरलेत तर त्यांनाही थोडं व्याज मिळेल. शेवटी दहा-बारा हजारांचा फायदा. आणि मग हातात काहीच उरणार नाही. ‘हातात पैसे असण्यालाही किंमत असते, काकू. ती इथे कुठे लिहिलेली नसते,’ ती म्हणाली.

मावशीने चेक परत पर्समध्ये ठेवला. उठताना ती त्या मुलीला एवढंच म्हणाली की कधी डॉक्टरांकडे गेलीस तर सांग, दात दातमावशीकडून हवाय. मुलगी लाजून लाल झाली आणि हात पुन्हा तोंडावर गेला.

घरी येऊन मावशीने काकांच्या फोनवरून भट्टीच्या कंपनीला फोन लावला. आवाज जरा घोगरा केला आणि आपण नवीन गिऱ्हाईक आहोत असं सांगून किंमत विचारली. रोख देत असाल तर तीन लाख तीस हजार, पलीकडून उत्तर आलं. तिने फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, की तीन-तीसची भट्टी आपण सगळं मिळून साडेचार लाखांच्या वर घेतोय, आणि वायरी, पंप, महाग पूड आणि फुटलेल्या कॅपा वेगळ्या.

काकांनी विचारलं, ‘मग भट्टी वाईट आहे का?’

मावशी विचारात पडली. भट्टी वाईट नव्हती. ती दिवसातून तासभर तापायची आणि उरलेला दिवस गार उभी असायची. आप्पांना दिलेले तेरा हजार भट्टीचे नव्हतेच मुळी, हे तिला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. त्यात आप्पांचे डोळे होते, आप्पांचा हात होता, फुटलेल्या मालाची जोखीम होती आणि ‘हा दात आहे की पापड’ हेही होतं. हप्त्यात यातलं काहीच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आप्पांकडे गेली. वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं, म्हणून बोळाच्या तोंडाशीच थोडा वेळ घुटमळली. आत गेल्यावर आप्पांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘काय गं, भट्टी थंड पडली का?’ बातमी त्यांना कधीच लागली होती. मावशीला वाटलं आता दाताच्या कण्या होईपर्यंत विनवावं लागणार. पण त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं.

टेबलावर त्यांच्या कॅपा मांडलेल्या होत्या. मावशीने सवयीने एक उचलून उजेडात धरली. आकार नेहमीसारखा, अस्सल. पण रंग पिवळा, हळदीचं बोट लागल्यासारखा. तिने दुसरी उचलली. तीही तशीच. तिने कॅप अलगद खाली ठेवली.

‘पिवळी आहे ना?’ आप्पा म्हणाले. ‘सांग की. तू तरी सांग. बाकीचे नुसतं काम द्यायचं बंद करतात.’

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मोतीबिंदूतून सगळंच पिवळट दिसतं, म्हणून पांढरा कुठला आणि पिवळा कुठला हे त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. ते टाळत होते, कारण त्या दिवसांत काम कोण करणार आणि आहे ती दोन-तीन गिऱ्हाइकं गेली तर परत कशी येणार. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशीला मग आठवलं, की शेवटी शेवटी ते तिला एवढं बसवून ठेवायचे ते रंग पुन्हा पुन्हा ताडून बघण्यासाठी. ती मात्र त्याला अरेरावी समजत राहिली होती.

तिने मग आपलंही सगळं सांगितलं. आठ टक्के, साडेचौदा टक्के, बत्तिशी, टिक् आवाज, सगळं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मी माझी भट्टी रोखीने घेतली. व्याज नाही, हप्ता नाही. आणि घराची पुढची खोली विकली त्यासाठी. तेव्हापासून माझ्या घराला पुढचं दार नाही. बायको जाईपर्यंत म्हणत होती, पाहुण्यांना स्वयंपाकघरातून आणावं लागतं.’ मग ते म्हणाले, ‘मीही कधी मांडून पाहिलं नाही की मला ती कितीला पडली.’

मावशी म्हणाली, ‘आप्पा, माझ्याकडे भट्टी आहे आणि अक्कल नाही.’

‘आणि माझ्याकडे अक्कल आहे आणि डोळे नाहीत,’ आप्पा म्हणाले.

तिथून पुढे काय करायचं हे ठरवायला त्यांना चहा संपेपर्यंत वेळ लागला. आप्पांनी ऑपरेशन करून घ्यायचं. तोवर आणि त्यानंतरही त्यांच्या गिऱ्हाइकांचं काम मावशीच्या भट्टीत भाजायचं, रंग मावशीने बघायचा, भाजणं आप्पांनी बघायचं, आणि बाहेरच्या कामाची भाजणावळ अर्धी अर्धी. मावशीने वीज, पूड आणि हप्ता आधी वजा करायचा असं म्हटलं. आप्पा म्हणाले, अर्थातच, आणि माझी बसही.

आप्पा आले ते पहिल्याच दिवशी भट्टीवर खेकसले. दार एवढ्या लवकर उघडतेस म्हणून भेगा पडतात, म्हणाले. भट्टीतून निघालेलं बाळ आहे ते, त्याला एकदम वाऱ्यावर आणू नये. त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवली आणि दार आधी बोटभर, मग हातभर, असं उघडायला शिकवलं. टिक् आवाज बंद झाला. पुडीचा ओलावा ब्रशने नव्हे तर कागदाच्या कडेने टिपायचा, हेही त्यांनीच दाखवलं. बुडबुडे गेले. वॉरंटीची मुदत संपली तेव्हा दोघांनी मिळून जुन्या पुडीवर परतायचं ठरवलं आणि तो खर्चही उतरला. काम दुसरीकडे देणारे डॉक्टर परत आले. गावातले आणखी दोन कारागीर कॅपा भाजायला यायला लागले आणि भट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापलेली राहू लागली.

ऑपरेशननंतर आप्पांनी डोळ्यावरची पट्टी काढली, आपलीच जुनी कॅप उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग ती खिशात टाकून म्हणाले, लोकांनी ही तोंडात घातली म्हणजे फारच भली माणसं.

काकांचे पैसे बँकेत राहिले ते बरंच झालं. त्या वर्षी काकांना हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं, आणि मावशीला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. दवाखान्यात काका झोपलेले आणि मावशी शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंची कवळी ढिली आहे म्हणून त्यांना पत्ता लिहून देत होती, हे मी स्वतः पाहिलं.

काऊंटरवरची मुलगीही एकदा आली. डॉक्टरांचा ठसा आधीच आला होता, रंग जुळवायला तिला बोलावलं होतं. मावशीने तिला खिडकीशी बसवलं, आप्पा बाजूला. दोघांचं अर्धा तास भांडण झालं, दात जरा निळसर हवा की जरा दुधी. मुलगी तोंड उघडून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. शेवटी तिने किंमत विचारली. मावशीने सांगितली, आणि म्हणाली, ‘यात पूड, भाजणं, पुन्हा करावा लागला तर तेही, सगळं आलं. याच्यावर एक पैसा नाही. हप्त्याने दिलेस तरी एवढेच, आत्ता दिलेस तरी एवढेच.’ मुलीने तीन वेळा मिळून दिले. हल्ली मावशी सगळ्याच डॉक्टरांना अशीच सगळं धरून किंमत सांगते. आधी त्यांना ती जास्त वाटते. नंतर वाटत नाही.

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मी तिथे होते. काही समारंभ झाला नाही. मावशीने फोनवर मेसेज वाचला, ‘झालं’ म्हणाली आणि कुणाची तरी दाढ घासायला घेतली. काकांनी कुंड्यांना पाणी घातलं.

परवा पुन्हा एक विक्रेता आला होता. नवीन माणूस, नवीन यंत्र, कॉम्प्युटरवर दात कोरून देणारं. मावशीने त्याला बसवलं, पाणी दिलं, या वेळी दात पाहिले नाहीत, कागद पाहिला. आधी रोखीची किंमत विचारली. मग, शेवटचा हप्ता जाईपर्यंत सगळं मिळून माझ्या हातून किती जाणार ते एका आकड्यात लिहून दे म्हणाली. मग वीज, मग सुटे भाग, मग ते शिकायला किती दिवस आणि तोवर फुटेल ते कुणाचं. पोराने काही आकडे तिथेच लिहिले, काहींसाठी ऑफिसला फोन केला, आणि न चिडता एक तास बसला. जाताना म्हणाला, ताई, असं सगळं एकदम कुणी विचारत नाही.

यंत्र घ्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. काका म्हणतात, तुला हवं असेल तर घे. आप्पांना मात्र फार हवं आहे. ऐंशीच्या घरातला माणूस, माहितीपत्रक घडी करून खिशात घेऊन फिरतो आणि येताजाता विचारतो, ‘त्या पोराचा फोन आला का गं?’ मावशी म्हणते, अजून सुट्या भागांच्या किमती आल्या नाहीत, आप्पा, बसा, चहा घ्या.